मुंबईची वाट आपली आपण

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेलं हे भाषण. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



आज कर्जाचं बोलायचं नाही, थकबाकीचंही नाही. आज बोलायचंय मुंबईबद्दल. तुम्ही म्हणाल, मुंबईचं आम्हाला काय सांगता? महाड-पोलादपूर तालुक्यात मुंबईला कुणीच नाही असं घर शोधून सापडायचं नाही. कुणाचा सासरा गिरणीत होता, कुणाचा आजा गोदीत हमाली करत होता, कुणाचा मुलगा आज डोंबिवलीला आहे. गणपतीत आणि शिमग्याला मुंबई आपल्या अंगणात येऊन बसते. सगळं खरं. आता एक विचारते. तुमच्यापैकी किती जणी कुणाला सोबत न घेता मुंबईला गेल्या, काम केलं आणि परत आल्या? हात वर करा.

बघा आजूबाजूला. बोटांवर मोजण्याइतके हात आहेत.

मुंबई आपण बघितली ती कुणाच्या तरी मागून चालत. पुढे भाऊ, नवरा नाहीतर पुतण्या. मागे आपण, हातात पिशवी, नजर त्याच्या पाठीवर. तो वळला की आपण वळायचं. असं दहा वेळा गेलं तरी वाट पाठ होत नाही. पाठ होते ती आपण स्वतः पाटी वाचून, विचारून वळलो की.

यानं काय बिघडतं, असं काही जणींना वाटेल. सांगते काय बिघडतं. आपल्याच एका गटातल्या ताईंना छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, परळला टाटा रुग्णालयात दाखवून या. गटानं लगेच कर्ज मंजूर केलं. पण पुतण्याला सुट्टी मिळेना. मग गणपती आले, मग भातकापणी, मग दिवाळी. चार महिने ती चिठ्ठी डब्यात पडून राहिली. ताईंचे उपचार झाले, त्या आज बऱ्या आहेत. पण लवकर आल्या असत्या तर थोडक्यात भागलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पैसे होते, एस.टी. होती. नव्हता तो फक्त घेऊन जाणारा माणूस.

दुसरी गोष्ट मालाची. आपला नाचणीचा पापड, आमसुलं, हळद, मुंबईला लोक मागून घेतात. प्रदर्शनात स्टॉल मिळायची वेळ आली की आपणच म्हणतो, "नको बाई, तिथे कोण सोबत येणार?" आणि तोच माल आपण इथे व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावानं देतो.

म्हणून आज मुंबई समजून घेऊ. गाव मोठं आहे, पण त्याला आकार आहे. आकार कळला की भीती निम्मी होते.

दोन्हीकडे पाणी, मधून रूळ

आधी एक लक्षात घ्या, आपणही बंदराच्याच लेकी आहोत. महाड हे जुन्या काळी सावित्रीवरचं बंदर होतं. बाणकोटच्या खाडीतून गलबतं आत यायची. गांधारपाल्याची लेणी बघितली असतील, त्या काळीही ही व्यापाराची वाट होती. तेव्हा बंदराचं गाव काही आपल्याला परकं नाही.

पोलादपूरहून महाडला कसे येतो आपण? दोन्ही बाजूंना डोंगर, मधून सावित्री. नदीच्या धारेनं चाललं की महाड चुकत नाही. मुंबईचं तसंच आहे. तिथे दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून रूळ.

मुंबई मुळात सात बेटं होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. पोर्तुगिजांकडून ती इंग्रजांच्या राजाकडे लग्नाच्या करारात गेली, १६६१ साली. १६६८ मध्ये राजानं ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पुढे मधल्या खाड्या भरत भरत बेटं जोडली गेली आणि एक लांबट, चिंचोळी पट्टी तयार झाली. दक्षिणेचं टोक कुलाबा. उत्तरेला माहीम-सायनपर्यंत जुनं शहर, आणि त्याच्या पुढे वाढलेली उपनगरं.

या पट्टीच्या पूर्वेला बंदर आहे. गोद्या, धक्के, जहाजं सगळी त्या अंगाला. पश्चिमेला उघडा समुद्र. गिरगावची चौपाटी, मरीन ड्राइव्ह, वरळी, माहीम त्या अंगाला. सूर्य बंदराकडून उगवतो आणि चौपाटीवर मावळतो. रस्त्यात गोंधळलात तर शेतात बघता तसं वर बघा. दुपारनंतर सूर्य ज्या बाजूला, ती चौपाटीची बाजू, आणि तुमच्या पाठीला बंदर.

नावंही मदत करतात. ज्याच्या नावात बंदर, ते पूर्वेकडचं: मस्जिद बंदर, चिंचबंदर, बोरीबंदर. बोरीबंदर म्हणजे आजचं सीएसएमटी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १६ एप्रिल १८५३ ला आपल्या देशातली पहिली प्रवासी रेल्वे निघाली ती इथून, ठाण्यापर्यंत. आणि चिंच, उंबर, वड, फणस ही आपलीच झाडं तिथे नावांत भेटतात. चिंचपोकळी, उमरखाडी, वडाळा, फणसवाडी. ज्या गावाची नावं आपल्या परसातली, त्याला काय भ्यायचं?

पनवेल आपलं दार

आता निघू या. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या माईंना तर फुकट, फक्त ओळखपत्र जवळ हवं. ही सवलत एस.टी.ची आहे, लोकलला पूर्ण तिकीट पडतं.

मुंबईच्या एस.टी. वेगवेगळ्या ठिकाणी जातात. मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली. चढण्याआधी पाटी वाचा आणि कंडक्टरला विचारा, "अमुक ठिकाणी जायचंय, कुठे उतरू?" एवढं एक वाक्य विचारलं की पुढचा अर्धा त्रास वाचतो.

पण रस्त्यात गाडी अडकण्यापेक्षा पनवेलला उतरून लोकल धरणं पुष्कळदा सोपं पडतं. वीर स्टेशनवरून कोकण रेल्वेनं आलात तरी पनवेलला उतरता येतं. पनवेलहून जी लोकल सुटते तिचं नाव हार्बर लाइन, म्हणजे बंदराची लाइन. ती पनवेललाच सुरू होते, त्यामुळे चढायला आणि बसायला मिळतं. साधारण सव्वा तास ते दीड तासात सीएसएमटी.

इथे एकच सावधगिरी. पनवेलहून ठाण्यालाही लोकल जाते. म्हणून फलाटावरच्या पाटीवर "सीएसएमटी" लिहिलंय की "ठाणे", ते बघूनच चढा. पाटी वाचता आली नाही तर शेजारच्या बाईला विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

तीन लाइनी, दोन सांधे

लोकलच्या तीन मुख्य लाइनी आहेत. तीन बोटं पुढे करा, शिकवते.

पहिलं बोट, हार्बर. पनवेल, बेलापूर, वाशी, कुर्ला, वडाळा, शिवडी, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मस्जिद, सीएसएमटी. ही बंदराच्या कडेनं जाते.

मधलं बोट, मध्य रेल्वे. सीएसएमटीहून भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर, सायन, कुर्ला, घाटकोपर, ठाणे आणि पुढे कल्याण.

तिसरं बोट, पश्चिम रेल्वे. चर्चगेट, चर्नी रोड, मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली आणि पुढे विरार. ही समुद्राच्या बाजूची.

या तीन बोटांचे दोन सांधे पाठ करा. हार्बरवरून मध्य रेल्वेला जायचं तर कुर्ला. मध्य रेल्वेवरून पश्चिमला जायचं तर दादर. कुर्ला आणि दादर. घरी पोरांना झोपवताना म्हणा हवं तर, पण पाठ करा.

लोकल दोन तऱ्हेच्या. धीमी सगळीकडे थांबते, जलद मोजक्याच ठिकाणी. नवख्या बाईनं धीमीनंच जावं. दहा मिनिटं जास्त लागतात, पण स्टेशन चुकत नाही. डबा महिलांचाच बघा, त्यावर तसं लिहिलेलं असतं आणि बाईचं चित्र असतं. पहिल्या वर्गाच्या डब्यात साधं तिकीट चालत नाही, चुकून चढलात तर दंड. सकाळी आठ ते अकरा मुंबईच्या दिशेनं आणि संध्याकाळी पाच ते नऊ परतीच्या दिशेनं गर्दी तुफान. आपली वेळ दुपारची ठेवावी. उतरायचं स्टेशन येण्याआधीचं स्टेशन कोणतं, हेही विचारून ठेवा. ते आलं की उठून दाराशी यायचं.

सोबत गेलात आणि एखादी चढायची राहिली, तर नियम असा: पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावर थांबायचं. मागे राहिलेलीनं मागून येणाऱ्या धीम्या गाडीनं तिथे यायचं. दोघींनी एकमेकींना शोधत फिरायचं नाही. हा नियम पनवेललाच सगळ्यांनी एकदा म्हणून घ्या.

स्टेशनच्या बाहेर पडताना

मुंबईत माणूस गाडीत हरवत नाही, स्टेशनच्या जिन्यावर हरवतो. प्रत्येक स्टेशनला दोन अंगं असतात, पूर्व आणि पश्चिम. चुकीच्या अंगाला उतरलात तर पत्ता बरोबर असूनही घर सापडणार नाही.

दादरचं उदाहरण घ्या. आपण महाडच्या बाया. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते आपल्या गावात. त्यांची चैत्यभूमी दादर पश्चिमेला, समुद्राकाठी. आणि त्यांचं घर, राजगृह, दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत. एकच स्टेशन, दोन दिशा. म्हणून पत्ता लिहून घेताना नेहमी विचारा, "पूर्व की पश्चिम?" हा शब्द नसलेला पत्ता अर्धवट समजा.

दुसरी गंमत अशी की मुंबईत जागांना दोन-दोन नावं. पाटीवर एक, लोकांच्या तोंडी दुसरं. सीएसएमटीला जुनी माणसं अजून व्ही.टी. म्हणतात. महात्मा फुले मंडई म्हणजे क्रॉफर्ड मार्केट. हुतात्मा चौक म्हणजे फाउंटन. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणजे राणीची बाग. प्रभादेवी स्टेशन म्हणजे पूर्वीचं एल्फिन्स्टन. एका नावानं कळलं नाही तर दुसरं सांगून बघा.

विचारायचं कुणाला? फुलवाली, भाजीवाली, कोळीण, फलाटावरच्या स्टॉलवरचा माणूस, वर्दीतला पोलीस. जो जागा सोडून कुठे जाणार नाही त्याला विचारा. एकाचं ऐकून थोडं चालल्यावर दुसऱ्याला पुन्हा विचारा. दोघांचं जुळलं की वाट बरोबर. "चला मावशी, मी पोचवतो" म्हणत जो आपणहून चिकटतो, त्याला हात जोडा आणि चालू लागा.

रिक्षा सायन आणि वांद्र्याच्या उत्तरेलाच मिळते, जुन्या शहरात रिक्षा नाही. तिथे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. टॅक्सीत बसताना "मीटरनं चला" असं आधीच म्हणा. बेस्टच्या बसवर पुढे नंबर मराठी आकड्यांत असतो. आपल्याला तेवढं वाचता येतंच.

आणखी एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. मुंबईला जायचं म्हणून बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत. का, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हे करू नका, उन्हात चक्कर येते. स्टेशनांवर शौचालयं असतात. गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न तोच विचारा आणि तिथे जाऊनच बाहेर पडा. लाजेची बाब त्यात काहीच नाही.

दवाखान्याची वाट

हे नीट ऐका, कारण ही वेळ सांगून येत नाही.

टाटा रुग्णालय, केईएम आणि लहान मुलांचं वाडिया रुग्णालय, तिन्ही परळला, एकमेकांच्या जवळ. पनवेलहून हार्बरनं कुर्ला, तिथे गाडी बदलून सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल, आणि परळला उतरायचं. बाहेर पडायचं पूर्वेच्या अंगाला. एस.टी.नं परळ आगारात उतरलात तर तिथूनही ही रुग्णालयं जवळ आहेत. जे.जे. रुग्णालयासाठी हार्बरवरचं सँडहर्स्ट रोड किंवा मध्य रेल्वेचं भायखळा. नायर रुग्णालयासाठी मुंबई सेंट्रल.

केस पेपर सकाळी निघतो, म्हणून आदल्या रात्री पोचण्याचा विचार करावा लागतो. कुणाकडे उतरायची सोय नसेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला विचारा. धर्मशाळेची माहिती, उपचाराच्या खर्चासाठी कोणत्या योजनेत अर्ज करायचा हे तिथे सांगतात. त्या खिडकीवर जायला संकोच नको, ती आपल्यासारख्यांसाठीच आहे. जुने कागद, तपासण्यांचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि रेशन कार्ड यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून एका पिशवीत ठेवा. मूळ कागद वेगळ्या पिशवीत.

बाजाराची वाट

आपल्या धंद्यासाठी मस्जिद स्टेशन महत्त्वाचं. हार्बरवरच आहे, गाडी बदलायची गरज नाही. मसाले आणि सुकामेवा यांचा घाऊक बाजार तिथे. थोडं चालत क्रॉफर्ड मार्केटकडे आलात तर आसपासच्या गल्ल्यांत पिशव्या, डबे, बरण्या, लेबलं असं पॅकिंगचं सामान मिळतं. कापड हवं असेल तर मंगलदास मार्केट तिथूनच जवळ. मसाला करणाऱ्या गटांनी लालबागचा मिरची-मसाल्याचा बाजार बघून यावा. करी रोड नाहीतर चिंचपोकळी स्टेशनला उतरायचं. पहिल्या फेरीत काही विकत घेऊ नका. पाच दुकानांत भाव विचारा, वहीत लिहा, दुकानाचं कार्ड घ्या. गावात येऊन हिशेब मांडा, भाड्यासकट. परवडलं तरच दुसरी फेरी.

महालक्ष्मी सरस प्रदर्शन अलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलात भरतं, त्याला तिथे बीकेसी म्हणतात. कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की बीकेसीला बस आणि शेअर रिक्षा मिळतात. सीएसएमटीहून आता भुयारी मेट्रोही थेट बीकेसीला जाते. स्टॉल मिळाला तर माल घेऊन पहिल्यांदाच वाट शोधत बसू नका. दोघींनी आठ दिवस आधी मोकळ्या हातानं जाऊन जागा बघून यावी.

एक दिवस बघण्यासाठी

सारखं काम एके काम करू नये. एखादी फेरी नुसती बघायला म्हणून काढा. वाटही त्यानंच पाठ होते.

सीएसएमटीला उतरा. बाहेर येऊन वळून ती इमारत बघा. जागतिक वारसा म्हणून तिची नोंद २००४ मध्ये झाली. तिथून दादाभाई नौरोजी रस्त्यानं सरळ दक्षिणेला चालायचं. हा भाग म्हणजे इंग्रजांचा कोट. तट पाडले १८६० नंतरच्या काही वर्षांत, पण फोर्ट हे नाव राहिलं. चर्चगेट हेही कोटाच्या एका दरवाजाचं नाव. वाटेत हुतात्मा चौक लागेल. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी जीव दिला त्यांचं स्मारक तिथे आहे. दोन मिनिटं थांबा. पुढे काळा घोडा, मग मोठ्या घुमटाचं वस्तुसंग्रहालय, आणि डावीकडे वळलात की गेटवे. सगळं मिळून अडीच-तीन किलोमीटर. आपण लाकूडफाट्याला याहून जास्त चालतो.

गेटवे ऑफ इंडिया ४ डिसेंबर १९२४ ला खुला झाला. इंग्रज राजा १९११ मध्ये इथे उतरला होता, त्याची आठवण म्हणून बांधलेला. आणि त्यांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला याच कमानीतून चालत जाऊन बोटीत बसली. आज त्या कमानीकडे तोंड करून शिवाजी महाराज घोड्यावर बसलेत.

आता समुद्राकडे तोंड करून उभ्या राहा. समोर जी घारापुरी, तिथली लेणी बघायला जगातून माणसं येतात. ती घारापुरी उरण तालुक्यात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. मांडव्याला जाणाऱ्या लाँच सुटतात तेही आपल्याच अलिबाग तालुक्यात. लेणी सोमवारी बंद, आणि पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात. बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट मागून घ्या आणि माणसं जास्त भरली असतील तर चढू नका. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यांत आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ होती. तो भाऊचा धक्काही हार्बर लाइनवर, डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ. आपले आजे-पणजे आगबोटीनं तिथेच उतरायचे आणि डोक्यावर वळकटी घेऊन लालबाग-परळची चाळ शोधत जायचे. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. विचारत विचारतच गेले ते.

आणि बायाही गेल्या. गिरणगावात ज्या बाया कामगारांना जेवण घालून घर चालवायच्या, त्या खानावळवाल्यांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये एकत्र केलं. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं आणि बायांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. लिज्जत पापडाची सुरुवात गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर, १५ मार्च १९५९ ला. सात बाया आणि ८० रुपये उसने. आपल्या गटात त्याहून जास्त बाया आहेत आणि जास्त पैसेही आहेत.

आता ठराव करू

नुसतं ऐकून घरी जायचं नाही. माझं म्हणणं असं, की प्रत्येक ग्रामसंघानं दोन "वाटाड्या ताई" निवडाव्यात. एक मोठ्या वयाची, एक मुलगी. पहिली फेरी पाच जणींनी मिळून करावी, सीएसएमटीपर्यंत जाऊन परत. त्यात पुढे चालायचं वाटाड्या ताईंनी, माहीतगार बाईनं मागे राहायचं आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही. दुसरी फेरी दोघींनी, परळच्या रुग्णालयापर्यंत. तिसरी एकटीनं, मस्जिदच्या बाजारात भाव काढायला. तीन फेऱ्या झाल्या की ती ताई गावातल्या कुणालाही दवाखान्यात नेऊ शकेल. या तीन फेऱ्यांचं भाडं ग्रामसंघाच्या खर्चातून द्यावं, असा ठराव पुढच्या बैठकीत मांडा. कुणी म्हणेल, फिरायला कशाला पैसे? त्यांना ती डब्यातली चिठ्ठी सांगा.

जाताना जवळ काय हवं, ते लिहून घ्या. आधार कार्ड. पैसे दोन ठिकाणी, थोडे हाताशी, बाकीचे आत. मोबाइल पूर्ण चार्ज केलेला. आणि घरातले, गटातले चार नंबर कागदावर लिहिलेले, कारण मोबाइल बंद पडला की त्यातले नंबरही बंद. रेल्वेत अडचण आली तर १३९, कुठेही संकट आलं तर ११२. पनवेलला उतरल्यावर आधी एस.टी. स्थानकात नियंत्रकाला महाड-पोलादपूरच्या परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारून हातावर लिहा, मग लोकलला जा. परतीची गाडी ठाऊक असली की दिवसभर जीव घाबरत नाही.

घरच्यांना काय सांगायचं, असं एका ताईंनी मघाशी विचारलं. भांडायचं काही कारण नाही. सांगा, मला वाट दाखव, पण या वेळी मी पुढे चालते, तू मागून ये. एकदा तो मागून चालला की त्यालाही कळेल, हिला येतं. पुढच्या वेळी त्याची सुट्टी वाया जाणार नाही आणि तुमचं कामही अडणार नाही.

पुढच्या महिन्याच्या सभेत मी पुन्हा हात वर करायला सांगणार आहे. वाटाड्या ताईंची नावं आपापल्या सीआरपी ताईकडे या आठवड्यात द्या. पहिली फेरी शनिवार-रविवार सोडून करा. बाजार, कचेऱ्या सगळं उघडं असतं आणि मुंबई कामाच्या दिवशी कशी चालते ते कळतं.

कुर्ला आणि दादर. पूर्व की पश्चिम. एवढं पाठ झालंय ना? मग निघा.